पुन्हा स्कीवर उभं राहताना

बऱ्याच वर्षांनी स्कीच्या दुकानात गेलं की काउंटरपलीकडचा माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘तुमची पातळी कोणती?’ नवशिक्या म्हणावं तर ते खरं नसतं, कारण पाय सगळं विसरलेले नसतात. तरबेज म्हणावं तर तेही आता खरं नाही. मी १९८०च्या दशकात गुलमर्गला शिकले. पुण्याहून आमचा ट्रेकिंगचा गट झेलम एक्स्प्रेसने जम्मूपर्यंत जायचा, तिथून बसने श्रीनगर आणि मग वर. १९९०च्या सुमारास काश्मीरची परिस्थिती बिघडली, ती वाट थांबली; पुढे नोकरी आणि घर. पन्नाशी ओलांडली, मुलगी झुरिकला नोकरीला लागली, तेव्हा पुन्हा बर्फावर उभी राहिले. तेव्हापासूनच्या हिवाळ्यांत जे कळलं ते माझ्यासारख्या परतणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

१. पातळी सांगत बसू नका, उतार सांगा.

मी आता दुकानदाराला सरळ सांगते: वय इतकं, वजन इतकं, यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर जाणार, मध्यम वेगाने जाणार, दुपारनंतर दमणार. एवढ्यावर चांगला माणूस योग्य स्की काढून देतो. तीस वर्षांपूर्वी मी काय करत होते याचा त्याला काही उपयोग नाही. स्की निवडायची ती आजच्या गुडघ्यांसाठी आणि उद्या सकाळी पायाखाली येणाऱ्या बर्फासाठी.

२. आधी बूट. स्की नंतर.

सगळे स्कीच्या भिंतीपुढे जाऊन उभे राहतात, रंग बघतात. खरं तर शरीराचा स्कीला मिळणारा प्रत्येक इशारा बुटातून जातो. बूट सैल असेल तर जगातली उत्तम स्कीसुद्धा उशिरा वळते.

बुटाचं माप पायाच्या लांबीवरून, सेंटिमीटरमध्ये असतं: २४.५, २६ असं. रोजच्या बुटांच्या नंबरावर जाऊ नये. जुन्या दिवसांतलं मापही खरं धरू नये. वयानुसार तळपायाची कमान बसते, पाय लांबट आणि रुंद होतो. पाय मोजून घ्यावा, तोही उभं राहून, दोन्ही पाय वेगवेगळे. मग बुटाच्या आतला मऊ भाग काढून नुसत्या प्लॅस्टिकच्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा राहते ते पाहायचं. साधारण दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे दोनेक बोटं मावली तर आमच्यासारख्यांना ठीक. त्याहून जास्त जागा असेल तर तो बूट मोठा आहे, कितीही आरामशीर वाटो.

मऊ भाग परत घालून बकलं लावल्यावर ताठ उभं राहिलं तर बोटं पुढे हलकी टेकतात. गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की ती मागे सरकतात. हे असंच व्हायला हवं. टाच मात्र जागची उठता कामा नये. मोजा एकच आणि पातळ. थंडीच्या भीतीने दोन मोजे घातले की पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात.

बुटाचा कडकपणा आकड्यात सांगतात, फ्लेक्स म्हणून. परतणाऱ्या बाईला ७० ते ९०, पुरुषाला ९० ते ११० या दरम्यान बहुधा जमतं. पण एका कंपनीचा ९० दुसरीच्या ९०शी जुळेलच असं नाही, हे आकडे एका मापाने ठरलेले नाहीत. म्हणून बूट घालून नडगीने दाबून बघावं. घोटा पुढे झुकायला हवा, कोसळायला नको. दुकानात किमान अर्धा तास बूट पायात ठेवून हिंडावं. घाई करणाऱ्या दुकानात बूट घेऊ नयेत.

आणि माळ्यावरचे जुने बूट? टाकून द्या. मला कळतं, जीव होत नाही. पण कवचाचं प्लॅस्टिक नुसतं ठेवूनही वयाबरोबर खराब होतं आणि एखाद्या दिवशी उतारावर तडकतं.

३. लांबीचं जुनं गणित सोडून द्या.

आम्हाला शिकवलेलं माप असं होतं: स्की उभी करायची, हात सरळ वर करायचा आणि टोक मनगटाला लागलं पाहिजे. त्यामुळे मध्यम उंचीच्या माणसाच्या पायांत दोन मीटरची फळी यायची. आज तोच माणूस हनुवटी ते कपाळ यांच्या दरम्यान येणारी स्की घेतो. पहिल्यांदा ती हातात आली की लहान मुलांची वाटते. मलाही वाटली होती. ती भावना बाजूला ठेवायची.

उंचीपेक्षा वजन महत्त्वाचं, कारण स्कीला वाकवतं ते वजन. हलक्या, उंच व्यक्तीला थोडी आखूड आणि भारी, ठेंगण्या व्यक्तीला थोडी लांब स्की चालते. संथ जायचं असेल तर हनुवटीकडे, वेग आवडत असेल तर कपाळाकडे.

४. आकार बदलला आहे, म्हणून पायही वेगळे ठेवायला शिकावं लागतं.

मधल्या काळात झालेला सर्वांत मोठा बदल हाच. आमच्या स्की जवळजवळ सरळ होत्या. १९९०च्या दशकात पुढून-मागून रुंद आणि मध्ये बारीक अशा स्की आल्या. स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीची १९९३ची एससीएक्स ही त्यांतली सुरुवातीची. आज दुकानात जवळपास सगळ्याच स्की या घडणीच्या असतात.

यामागचं तत्त्व समजून घेण्यासारखं आहे. अशी स्की कडेवर कलवून दाबली की मधला बारीक भाग बर्फाला टेकेपर्यंत ती वाकते आणि तिच्या कडेची कमान होते. त्या कमानीवरून ती स्वतःच वळत जाते. जुन्या स्कीवर आम्ही उसळी घेऊन अंग हलकं करायचो आणि शेपटी घसरवून वळवायचो. ‘पैर जोड़ के, घुटने मोड़ के’ हे आमच्या गुलमर्गच्या उस्तादांचं पालुपद होतं. त्यातला दुसरा भाग अजून लागू आहे. पहिला नाही: पाय चिकटवून ठेवले तर या स्कींची रुंद टोकं एकमेकांवर चढतात, आणि कड बदलायला पायांना जागाच उरत नाही. कमरेच्या रुंदीइतकं अंतर ठेवलं की स्की आपलं काम करते.

स्कीवर तीन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ १२२-७२-१०४: पुढची, मधली आणि मागची रुंदी, मिलिमीटरमध्ये. जवळच R आणि मीटरमध्ये एक संख्या असते. ती वळणाची त्रिज्या. ११-१२ मीटरची स्की झटपट, आखूड वळणं मागते आणि पायांना सतत कामाला लावते. १८ आणि पुढची मोठी वळणं आणि वेग मागते. परतणाऱ्याला मी १३ ते १६ सांगते. आणि नवी स्की घेतल्यावर एक-दोन तास प्रशिक्षकाबरोबर घालवाच, कारण तीस वर्षांची सवय स्की बदलून जात नाही.

५. मधली रुंदी ठरते ती जागेवरून.

आमच्यासारख्यांच्या निवडीतला हा खरा कळीचा आकडा. झुरिकहून रेल्वेने वालेनझे तळ्याकाठच्या उंटरटेर्झेनला उतरायचं, स्टेशनजवळूनच पाळणा घ्यायचा, वर फ्लूमजरबेर्ग. तिथला उतार रात्री यंत्रं फिरवून दाबलेला असतो, सकाळी टणक, कधी चक्क काचेसारखा. अशा ठिकाणी ६८ ते ७८ मिलिमीटरची स्की चपळपणे एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाते आणि पकड ठेवते.

गुलमर्गचं उलट. तिथलं वैभव म्हणजे अफरवट डोंगराच्या उतारावर पडणारा कोरडा, भुसभुशीत बर्फ. १९९८मध्ये मधल्या कोंगडूरी स्थानकापर्यंत आणि २००५मध्ये त्याहून वर गोंडोला (बंद पाळणा) पोचली, आणि आता जवळजवळ ४,००० मीटरवरून खाली येता येतं. आमच्या वेळी हे नव्हतं. अशा बर्फात अरुंद स्की बुडते. १०० मिलिमीटर किंवा जास्त रुंदीची, टोकं वर उचललेली स्की तरंगते, आणि दमलेल्या पायांना ती फारच दयाळू असते.

मग सगळीकडे रुंदच का नको? गुडघ्यांमुळे. टणक बर्फावर रुंद स्की कडेवर उभी केली की कडा पायाच्या मध्यापासून दूर पडते आणि ती तिथे टिकवण्याचा भार घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो. विशीतल्या मुलाला ते जाणवत नाही. मला दुपारपर्यंत जाणवतं. एकाच स्कीवर सगळं भागवायचं असेल तर ८० ते ८८च्या दरम्यान राहावं आणि दोन्हीकडे थोडं कमी मिळेल हे मान्य करावं.

६. ‘बायकांची स्की’ हे लेबल वाचून थांबू नका.

काही खरंच हलक्या आणि लवचीक असतात, बूट स्कीला अडकवणारं बाइंडिंग किंचित पुढे बसवलेलं असतं. काहींत फक्त रंग वेगळा. हातात घेऊन वजन पाहा, वाकवून पाहा.

७. बाइंडिंगचा आकडा स्वतः फिरवू नका, आणि विचारलं तर वजन खरं सांगा.

पडल्यावर स्की बुटापासून कधी सुटणार हे त्या आकड्यावर ठरतं. तो लागतो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही सावकाश जाता की जोरात, यावरून. पन्नाशीनंतर तक्त्यात एक पायरी खाली उतरतात, म्हणजे स्की जरा लवकर सुटते. त्यात कमीपणा मानू नये. माझ्या वयाची हाडं तेवढी सवलत मागतातच. वजन दोन-चार किलोंनी कमी सांगणारे पुष्कळ भेटतात, पुरुषही. आपण वेगवान आहोत असं सांगणारे त्याहून जास्त. या दोन्ही गोष्टी तिथे नकोत.

हेही माहीत असावं की नेहमीचं बाइंडिंग पुढून आडवं आणि टाचेकडून वर सुटतं. त्याने नडगीचं हाड मोडणं खूप टळतं, पण गुडघ्यातला अस्थिबंध तुटण्यापासून ते तसं वाचवत नाही. त्यासाठी हिवाळ्याआधी दोन महिने मांड्यांचे व्यायाम करावे लागतात.

बुटाचे तळ आता वेगवेगळ्या प्रकारचे असतात. चालायला सोपा, वळलेला ग्रिपवॉक तळ जुन्या बाइंडिंगमध्ये सुरक्षित बसत नाही. मित्राने प्रेमाने दिलेली वीस वर्षांची स्की घेताना हे आधी दुकानात तपासून घ्या; खूप जुनी बाइंडिंगं दुकानदार लावून द्यायला नकार देतात आणि ते बरोबरच करतात. स्वित्झर्लंडमध्ये दर हंगामाआधी बाइंडिंग यंत्रावर तपासून स्टिकर लावून घ्यायची चांगली रीत आहे.

८. पहिला हिवाळा भाड्याच्या स्कीवर काढा, आणि दुपारी परीक्षा घ्या.

अनेक दुकानं दिवसाच्या मध्येच जोडी बदलून देतात. एकाच उतारावर दोन वेगळ्या स्की लागोपाठ चालवल्या की पुस्तकातून न कळणारं कळतं. सकाळच्या ताज्या उतारावर सगळ्याच स्की छान वाटतात. दुपारी बर्फाचे ढिगारे झालेले असतात, मांड्या भरून आलेल्या असतात, तेव्हा जी स्की अजून ऐकते ती आपली. त्याआधी नखाने कड तपासा: अलगद घासल्यावर नखाचा थोडा भुगा निघाला पाहिजे. बोथट कडेच्या स्कीवर काढलेला निष्कर्ष त्या स्कीबद्दल काहीच सांगत नाही.

९. गुलमर्गला जाताना.

स्वतःचे बूट न्या. तिथे भाड्याने रुंद स्की मिळतात, पण मापाचे बूट मिळतीलच असं धरून चालू नये. स्की घेताना तळाला खोल ओरखडे, कडांना तडे, बाइंडिंगचे सैल स्क्रू बघून घ्या, घाई करू देऊ नका.

रुंद स्की आत्मविश्वास फार लवकर देते. गोंडोलाखालच्या भागात गस्त असते. तिथून कडेला वळलं की हिमस्खलनाचा धोका सर्वस्वी आपला. बर्फाखाली गाडलेल्याचा माग काढणारा ट्रान्सीव्हर, फावडं, बर्फात खुपसून शोधायची काठी म्हणजे प्रोब आणि ते वापरण्याचा सराव नसेल तर त्या बाजूला वळूच नये. मी स्थानिक मार्गदर्शकाबरोबरच जाते. त्याने ‘आज नहीं, दीदी’ म्हटलं की गोंडोलाखालच्या उतारावरच दिवस घालवते. ताजा बर्फ पडलेला असेल तर रुंद स्कीला तिथेही काही कमी पडत नाही.