नोटिशीचा कागद आणि साठ दिवस

अभ्यासपाठ
वाचन : १ राजे २१, २ शमुवेल २४:१८-२५



अकोले तालुक्यातील एका ठाकरवाडीत शिबिर होते. एका आजींनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "दादा, यात काय लिवलंय?" मी घाईत होतो. "आजी, पुढच्या खेपेला निवांत बघू," म्हणून कागद परत दिला. पुढची खेप अडीच महिन्यांनी झाली. ती भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना होती. सातबारा अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर होता. हरकतीची साठ दिवसांची मुदत संपली होती. ही चूक माझीच. म्हणून हा पाठ.

जुना अनुभव

आपल्या जिल्ह्याला हा विषय नवा नाही. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाण्यावर खालच्या भागात ऊस उभा राहिला. धरणाच्या उशाशी मात्र आदिवासी वाड्या कोरडवाहूच राहिल्या. पारनेरचे सुपुत्र सेनापती बापट यांनी १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांसाठी सत्याग्रह केला. ती जमीन टाटांच्या वीज प्रकल्पाच्या धरणासाठी १८९४ च्या कायद्याने घेतली जात होती. धरण झालेच, पण 'आम्हांला विचारले का?' हा प्रश्न तेव्हापासून महाराष्ट्रात विचारला जाऊ लागला.

आजचा कायदा

मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मूलभूत हक्क राहिला नाही. तरी कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येत नाही, असे अनुच्छेद ३००-अ सांगतो. १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्याच्या पायऱ्या अशा :

१. सामाजिक परिणामांचा अभ्यास. कोणाचे घर, रान, पाणी जाणार याची गावात जाऊन सुनावणी. (महाराष्ट्राने २०१८ च्या दुरुस्तीने काही प्रकल्पांना यातून सूट देण्याची तरतूद केली आहे.)
२. प्राथमिक अधिसूचना. ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत.
३. पुनर्वसन योजना व अंतिम घोषणा.
४. निवाडा, म्हणजे मोबदल्याचा निर्णय.
५. मोबदला दिल्यानंतर ताबा.

मोबदल्याचा हिशेब उदाहरणाने पाहू. जमिनीचा बाजारभाव ३ लाख धरला आणि गुणक २ लागला, तर ६ लाख. विहीर-झाडांचे १ लाख मिळवून ७ लाख. त्यावर तेवढेच दिलासा म्हणून, एकूण १४ लाख. ग्रामीण भागात गुणक १ ते २ असतो. तो किती लावला हे विचारावे.

आदिवासींसाठी विशेष

कलम ४१ म्हणते की अनुसूचित क्षेत्रात शक्यतो जमीन घेऊच नये. घ्यायचीच झाली तर शेवटचा उपाय म्हणून, आणि ग्रामसभेच्या पूर्वसंमतीने. अकोले तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. वनहक्काचा दावा मंजूर झालेली व्यक्तीही या कायद्यात जमीनमालक गणली जाते. तीन वर्षांपासून त्या जमिनीवर पोट असलेले कूळ, वाटेकरी आणि शेतमजूरही 'बाधित कुटुंबात' येतात. हे आपल्या वाड्यांत फार थोड्यांना ठाऊक आहे.

दोन सावधगिरी. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ चा वेगळा कायदा लागतो. तेथे हरकतीला फक्त २१ दिवस मिळतात. आणि रक्कम मान्य नसेल तर पैसे घेताना 'हरकत राखून स्वीकारले' असे लिहिल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये. ते न लिहिल्यास वाढीव मोबदल्याची वाट बंद होते.

वचनातील दोन राजे

अहाबाने नाबोथाला दुसरा मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती. नाबोथ नाही म्हणाला, कारण तो वाडवडिलांचा वारसा होता. पुढे जे झाले त्यात पत्रे होती, राजाची मोहर होती, साक्षीदार होते, गावचे वडीलही होते. कागदोपत्री सारे नीट होते. फक्त न्याय नव्हता. ईजबेलीचे पत्र वाचून गप्प राहणाऱ्या त्या वडिलांत मला मी दिसतो.

दावीदाचे उलट. अरवना खळे फुकट द्यायला तयार होता, तरी राजाने मोल देऊनच ते घेतले. रस्ते, धरणे, कालवे लागतात. प्रश्न एवढाच की किंमत कोण मोजतो आणि मालकाचे ऐकले जाते का.

आजींचे पुढे काय झाले?

हरकत गेली. पण तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज केला, आजींचे आणि दोन्ही मुलींचे नाव लागले. निवाड्याच्या वेळी आंब्याची अकरा झाडे यादीत नव्हती, ती लेखी दाखवली. पैसे घेताना आजींनी अंगठ्याच्या वर ती ओळ लिहून घेतली. निकाल अजून यायचा आहे.

मंडळीत चर्चेसाठी

१. आपल्या मंडळीत सरकारी कागद त्याच दिवशी वाचून देईल असा कोण आहे?
२. आपल्या ओळखीच्या किती कुटुंबांच्या सातबाऱ्यावर मयताचे नाव आहे?
३. विकासाचे पाणी आपल्या शेतात आले असेल, तर ज्यांची जमीन गेली त्यांचे आपण काय लागतो?

प्रार्थना व कार्य

येत्या तिमाहीत वारस नोंदीसाठी वाडीवाडीवर बसण्याचा विचार आहे. लिहिता-वाचता येणारे तरुण हवेत. प्रार्थना करा, आणि जमल्यास एक शनिवार द्या.