समुद्रकिनारी सायकल : थोडी माहिती, थोडी खबरदारी

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की जळगाव-धुळ्याकडील पुष्कळ कुटुंबे कोकणाचा रस्ता धरतात. अलिबाग, मुरुड, दिवेआगर, गुहागर, गणपतीपुळे ही नावे आता खान्देशात घरोघरी परिचयाची झाली आहेत. किनाऱ्यालगतच्या काही गावांत भाड्याने सायकल मिळते. मग लग्नानंतर सायकलला हात न लावलेले गृहस्थसुद्धा मुलांच्या आग्रहाखातर पायडल मारू लागतात. ही चांगलीच गोष्ट आहे. शरीराचा भार सीटवर असल्याने गुडघ्यांना त्रास कमी आणि हृदय-फुप्फुसांना भरपूर चालना, असा हा व्यायाम आहे. तरीपण सहलीहून परतल्यावर दवाखान्यात ज्या तक्रारी येतात, त्यांतील कितीतरी टाळता येण्यासारख्या असतात. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

पहिली गोष्ट उन्हाची. "आम्ही चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत राहणारी माणसं, कोकणातलं चौतीस आम्हाला काय करणार?" असे आपल्याकडील मंडळी मोठ्या अभिमानाने म्हणतात. येथेच गफलत होते. घाम नुसता आल्याने शरीर थंड होत नाही, तो वाळल्याने होते. मे महिन्यातील दुपारी आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की घाम कधी आला नि कधी उडाला हे कळतही नाही. किनाऱ्यावरची हवा दमट असते. तेथे घाम निथळतो, बनियन भिजते, पाणी आणि मीठ शरीरातून जात राहते, पण थंडावा मात्र मिळत नाही. सायकल चालवताना स्नायूंतून निर्माण होणारी उष्णता मग आतच साठते. त्यात समुद्राचा वारा अंगाला बरा लागतो, त्यामुळे तहानेकडे दुर्लक्ष होते.

डोके दुखणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणे, लघवी थोडी व गडद पिवळी होणे ही सुरुवातीची लक्षणे होत. तेथेच थांबावे, सावलीत बसावे, जलसंजीवनी घ्यावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. प्रमाण अंदाजाने वाढवू नये, जास्त मीठ अपाय करते. शहाळे उत्तमच. बरोबर आपली घरची केळी नेलीत तर बिस्किटांच्या पुड्यांची गरज नाही. मात्र माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

तेव्हा सायकल सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच. पण किनाऱ्यावर नुसते घड्याळ बघून चालत नाही, तिथीही बघावी लागते. कोकणातील लोकांचा जुना हिशेब असा, की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला साधारण तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती भर दुपारी असते, आणि सकाळ-संध्याकाळ ओल्या घट्ट वाळूचा रुंद पट्टा सायकलीसाठी मोकळा सापडतो. अष्टमीला नेमके उलट. हा हिशेब ढोबळ आहे, त्या दिवसाची नेमकी वेळ तेथील कोळीबांधवांना विचारून घ्यावी.

पौर्णिमा-अमावास्येला पाणी जितके दूर जाते तितकेच आतही येते, हे लक्षात असू द्यावे. सपाट किनाऱ्यावर पाणी आधी मागच्या सखल भागात शिरते. आपण कोरड्या वाळूवर उभे असतो आणि परतीची वाट मात्र भरलेली असते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीत चालत जाता येते, तेथे हीच काळजी घ्यावी लागते. खाडीच्या मुखाकडे सायकल नेऊच नये, तेथे चिखल असतो व पाण्याला ओढ असते.

ओल्या वाळूवर चाक सुरेख धावते. कोरड्या वाळूत ते रुतते आणि तेवढ्याच अंतरासाठी दम कितीतरी अधिक लागतो. वर्षभर दुकानाच्या गादीवर किंवा ऑफिसच्या खुर्चीत बसलेल्या पन्नाशीच्या माणसाने अशा वाळूत मुलांशी शर्यत लावणे मला मुळीच पसंत नाही. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम यांपैकी काहीही जाणवले तर "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पीत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. मधुमेहाची इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी औषधे घेणाऱ्यांनी न्याहारीशिवाय सायकलवर बसू नये, खिशात साखर ठेवावी. निघताना वारा तोंडावर घ्यावा, म्हणजे थकल्यावर परतताना तो पाठीशी राहतो.

भाड्याची सायकल घेताना ब्रेक दोनदा दाबून पाहावेत. खाऱ्या हवेत तारा गंजतात, आणि कोकणातील रस्ता आपल्या तापीकाठासारखा सपाट नाही; वळण संपते तोच उतार लागतो. पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच असावी. रस्त्यावर जायचे तर डोक्यावर हेल्मेट हवेच.

आता सर्वांत महत्त्वाचे. लहान मुलाला मागे कॅरिअरवर बसवून "घट्ट धर" म्हणणे ही आपल्याकडची सर्रास पद्धत. मूल धरते हातांनी, पाय मात्र लोंबकळत राहतात. उतारावर टाच स्पोकमध्ये जाते. माझ्याकडे सात वर्षांची एक मुलगी अशीच सहलीहून आली होती. चौथा दिवस होता. वडील म्हणाले, "डॉक्टर, फार नाही, जरा सालटं निघालं होतं. समुद्राच्या पाण्यानं धुतलं, हळद लावली." टाचेमागची रुपयाएवढी कातडी काळी पडलेली होती. ती काढावी लागली, पुढे सर्जनकडे मांडीची कातडी लावावी लागली आणि जूनमधील शाळेचे पहिले काही आठवडे तिने घरीच काढले.

या दुखापतीचे वैशिष्ट्य असे की त्वचा वरून फाटण्यापेक्षा आत चिरडली जाते. पहिल्या दिवशी जखम किरकोळ दिसते आणि खरे नुकसान दोन-चार दिवसांनी उघडे पडते. पाय अडकला तर ओढू नये. चाक हळूच उलटे फिरवावे, तसे न जमल्यास स्पोक कापावेत. जखम पिण्याच्या स्वच्छ पाण्याने साबण लावून पाच-दहा मिनिटे धुवावी, स्वच्छ कापड बांधून पाय उंच ठेवावा. घोट्याला सूज असेल किंवा मूल पाय टेकवत नसेल तर एक्स-रे त्याच दिवशी काढावा, घरी परतेपर्यंत थांबू नये. मुलाला न्यायचेच असेल तर पाय ठेवायला जागा आणि चाकाला जाळी असलेली सीट हवी. ती नसेल तर मुलाने चालत यावे.

समुद्राचे पाणी खारट म्हणून जंतुनाशक, हा समज चुकीचा आहे. उबदार समुद्रात काही जंतू असे असतात की मधुमेही किंवा यकृताचा जुना आजार असलेल्या माणसाच्या साध्या खरचटण्यातूनही ते जिवावर बेततात. जखम भरेपर्यंत पाण्यात उतरू नये, आणि जखमेभोवती वेगाने लाली, फोड किंवा असह्य ठणका वाढला तर रात्र काढू नये. रस्त्यावरच्या मातीने भरलेल्या जखमेसाठी शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षे होऊन गेली असतील तर धनुर्वाताची लस पुन्हा घ्यावी. ती आता घटसर्पाच्या लसीसह एकत्रच, टीडी या नावाने, सरकारी दवाखान्यात मिळते. लहान मुलांच्या लसीकरणाचे कार्ड म्हणूनच कपड्यांच्या बॅगेत टाकून न्यावे. तारीख कुणालाच आठवत नसते.