धम्मक्रांतीची चित्रे कशी वाचावीत?

क्रांती ग्रंथांतून कळते, तशीच ती चित्रांतूनही कळते. विहारातील व घरातील छायाचित्रांना आपण रोज वंदन करतो. परंतु इतिहासाचा पुरावा म्हणून ती वाचण्याची सवय, विशेषतः विद्यार्थ्यांनी, लावून घेतली पाहिजे.

प्रथम महाडचे उदाहरण घेऊ. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ओंजळीत पाणी घेतलेले बाबासाहेब आपल्या परिचयाचे आहेत. पण ते चित्रकारांनी व शिल्पकारांनी पुढे साकारलेले रूप आहे. ते प्रेरणा देते, परंतु त्या क्षणाचे छायाचित्र नव्हे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर मात्र कॅमेरे होते. त्या छायाचित्रांत व्यासपीठावरील बाबासाहेब व माईसाहेब स्पष्ट दिसतात. समोरचा शुभ्र वस्त्रांतील लाखोंचा समुदाय दुरून ठिपक्यांसारखा भासतो. खरे तर क्रांती त्या ठिपक्यांत घडत होती. बावीस प्रतिज्ञा उच्चारणारा प्रत्येक जण तिचा कर्ता होता, पण त्याचे नाव चित्राखाली नाही.

७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. चित्रपट क्षेत्रातील नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून तिचे चित्रीकरण केले, म्हणून तो जनसागर आज पडद्यावर पाहता येतो. आपला इतिहास आपणच जपावा लागतो, हा त्यातील धडा होय.

डॉ. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००) हा कथापट आहे. त्यातील प्रसंग अभिनयाने उभे केलेले आहेत. त्यांना मूळ दृश्ये समजू नये. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा माहितीपट. जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. तेथून सुरू झालेले त्याचे काम चौदा वर्षे चालले. त्यात कॅमेरा व्यासपीठावरून उतरून वस्तीत व शाहिरांपर्यंत जातो. तरीही कोणते दृश्य ठेवायचे आणि कोणते गाळायचे, हे माहितीपटातही दिग्दर्शकच ठरवतो.

म्हणून कोणतेही चित्र पाहताना विचारावे : हे कोणी, केव्हा, कोठून टिपले? मूळ की पुनर्रचित? चौकटीबाहेर कोण राहिले?

१९२४ साली आपल्या शेजारच्या बार्शीत बाबासाहेबांच्या उपस्थितीत प्रांतिक बहिष्कृत परिषद झाली. आपल्या परिसराचाही या इतिहासाशी असा जवळचा संबंध आहे. १९५६ चा सोहळा जाणतेपणी पाहिलेली माणसे आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. कुर्डुवाडीतील विद्यार्थ्यांनी घरोघरीचे जुने फोटो त्यांच्यासमोर ठेवावेत आणि मागे पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहून घ्यावे. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही.

जय भीम!