भाकरी चालते, पण किती?

सोलापुरात कुणाला साखर निघाली की नातलग, शेजारी, औषधाच्या दुकानातला पोरगा, सगळे एकच सांगतात: भात सोडा, गोड सोडा, ज्वारीची भाकरी खा, ती चालते. माझ्या आईलाही हेच सांगितलं गेलं आणि तिनं ते नेमानं पाळलं. सकाळी भाकरी, दुपारी भाकरी, रात्री भाकरी. सोबत शेंगाचटणी, पातळ आमटी, जरा भाजी, वाटीभर ताक. वर्ष सरता सरता तिचं वजन उतरलं, दंड सैल पडले, पाटावरून उठताना जमिनीला हात टेकावा लागायला लागला. जेवणानंतरची साखर मात्र दोनशेच्या खाली येईना. ‘वय झालं, होतंच असं,’ म्हणून घरोघर हे सोडून दिलं जातं. सोडून देऊ नका, हे सांगण्यासाठीच मी लिहिते आहे.

ज्या आहारतज्ज्ञ बाईंकडे आम्ही शेवटी गेलो, त्यांनी आईला विचारलं, “काय बंद केलंय ते राहू द्या आजी. खाता काय, किती, ते सांगा.” कितीचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. घरी येऊन काटा काढला. आईच्या एका भाकरीला सत्तर ग्रॅम पीठ लागत होतं. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं आणि १० ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे एका भाकरीत ४७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. लहान वाटीभर भाताला तीस ग्रॅम तांदूळ लागतात आणि त्यात ती तेवीसेक ग्रॅम असतात. बंद केलेल्या दोन वाट्या भाताएवढी कर्बोदकं आईच्या एकेका भाकरीत होती, आणि भाकऱ्या दिवसाला तीन!

ज्वारीला मी नावं ठेवत नाही. आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी जात अजून शेतकरी पेरतात. शंभर ग्रॅममागे दहा ग्रॅम तंतू असल्यामुळे पांढऱ्या भातापेक्षा ती साखर सावकाश चढवते. पण सावकाश चढवते म्हणजे चढवतच नाही असं नव्हे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीतले आहाराचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या रोजच्या उष्मांकांपैकी सरासरी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. आणि तांदूळ-मैद्याच्या जागी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणलं, पण कर्बोदकांचं एकूण माप तेवढंच ठेवलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. हे वाचलं तेव्हा मला आईचंच ताट दिसलं.

दुसरा घोळ शेंगाचटणीचा. कुटून तेल सुटलेल्या आपल्या चटणीला लोक ‘प्रोटीन’ म्हणून ताटात वाढतात. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला २३-२४ ग्रॅम प्रथिनं आहेत हे खरं, पण जवळपास ४० ग्रॅम स्निग्धांशही आहे. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅममागे चार उष्मांक देतात, स्निग्ध पदार्थ नऊ. म्हणजे शेंगदाण्याचे दोन तृतीयांश उष्मांक चरबीतून येतात. दोन चमचे चटणीत प्रथिनं चार ग्रॅम, आणि तिथंच आठ ग्रॅम तेल. चटणी खावी. स्निग्धांशाशिवाय अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं शरीरात नीट शोषलीच जात नाहीत, म्हणून तेल पूर्ण तोडणाऱ्यांचंही मला पटत नाही. पण चटणीला डाळीची जागा देऊ नये.

मग आईच्या ताटातली प्रथिनं मोजली. भाकऱ्यांतून एकवीस, चटणीतून चार, आमटीतून तीन, भाजी-ताकातून तीन. एकतीस ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप किलोमागे ०.८३ ग्रॅम उत्तम प्रथिनांचं आहे, आणि ताटात धान्याचा भर असेल तर ते एक ग्रॅमपर्यंत धरावं लागतं. आईचं वजन पन्नास किलो. म्हणजे पन्नास ग्रॅमच्या जागी एकतीस, त्यातली दोन तृतीयांश ज्वारीची. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, आणि पाण्यात शिजल्यावर ती प्रथिनं पचायलाही जड जातात. डाळीत लायसिन भरपूर असतं, म्हणून भाकरीला डाळीची जोड हवी. आपल्या आमटीत ती नावाला असते. चौघांच्या पातेल्यात मूठभर तूर, बाकी पाणी, तिखट आणि काळा मसाला.

नुसत्या धान्यावर माणूस उभा राहत नाही, हे या जिल्ह्यानं फार वाईट रीतीनं पाहिलं आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात सोलापूर होरपळलं. १८७७ मध्ये ब्रिटिश सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी तेव्हाच विरोध केला होता: एवढ्या धान्यावर, डाळीशिवाय, कष्ट करणारं शरीर झिजत जाईल. आजच्या भरल्या घरातली म्हातारी माणसं उपाशी नाहीत, पण झिजण्याचं कारण त्याच जातीचं आहे. खाण्यातून प्रथिनं पुरली नाहीत की शरीर स्वतःच्या स्नायूंतून ती काढून घेतं. मधुमेहात इन्सुलिन अपुरं पडत असेल तर ही झीज आणखी वाढते.

आता आमच्या घरी काय चालतं ते सांगते. भाकऱ्या दोन. डाळ किंवा कडधान्य कोरडं मोजून साठ ग्रॅम, दोन जेवणांत विभागून: घट्ट वरण, डाळकांदा, मटकीची उसळ. दातांना उसळ झेपत नाही त्या दिवशी हुलग्याचं माडगं, तेही गूळ न घालता. दूध-दही मिळून तीनशे मिली. संध्याकाळी मूठभर फुटाणे. चटणी एक चमचा. भाजी दुप्पट, कारण भाकरी कमी केली की पोट रितं वाटतं आणि माणूस नेम मोडतो. आई अंडं खात नाही. खाणाऱ्यांना एका अंड्यातून सहा ग्रॅम सहज मिळतात. अंड्याशिवायही आईच्या प्रथिनांची बेरीज एवढ्यानं सत्तेचाळीस ग्रॅमपर्यंत जाते. डब्यातली महागडी पावडर लागली नाही.

सगळ्यात अवघड गेले उपवास. सोमवार सिद्धेश्वराचा, एकादशी विठ्ठलाची; ते सोडायला मी आईला सांगणार नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नसल्यात जमा. उपवासाच्या संध्याकाळी तिची साखर का उसळते ते त्यातून कळलं. आता त्या दिवशी दही, दूध, थोडे शेंगदाणे आणि राजगिरा असतो. औषध चालू असताना नुसतं कोरडं राहणं तर त्याहून धोक्याचं, साखर एकदम खाली जाऊ शकते.

आईची साखर उतरली, आता ती हात न टेकता उठते. डॉक्टरांनी औषधही बदललं होतं आणि खुर्चीतून उठ-बस करण्याचा व्यायाम रोज करायला लावला होता, म्हणून सगळं श्रेय मी ताटाला देणार नाही. स्नायूंना काम दिलं नाही तर खाल्लेल्या प्रथिनांचा त्यांना फारसा उपयोग होत नाही.

तुमच्या घरी हे करणार असाल तर आधी क्रिएटिनीन आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्या. बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांची मूत्रपिंडं कळत नकळत दुखावलेली असू शकतात, आणि तशा माणसाला किती डाळ द्यायची हे डॉक्टरांनीच ठरवायला हवं. जाताना तीन दिवसांचं खाणं कागदावर लिहून न्या: भाकरीला किती पीठ लागलं, आमटीत किती डाळ होती, तेल किती पडलं. दवाखान्यात बोलायला पाचच मिनिटं मिळतात, तो कागद असला की तेवढी पुरतात.