जातो–गेला, गो–वेन्ट : रोजच्या वापरातील इंग्रजी क्रियापदे



गेल्या महिन्यात रविवारची मिस्सा संपल्यावर एक आजी नातवाची वही घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगा व सून पुण्याला कामावर असतात, नातू इथे मानवतला आजीजवळ राहून शिकतो. आजी म्हणाल्या, “फादर, पोरगं विचारतंय, ‘गो’ चं ‘वेन्ट’ कसं काय होतं? मी सातवी शिकले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, तेही डोक्यावरून गेलं. मी काय सांगू त्याला?” त्या हसत होत्या, पण नातवासमोर उत्तर देता आले नाही याची लाज डोळ्यांत दिसत होती.

महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. मुले लहानपणीच ते पुस्तक हाती घेतात आणि घरातली मोठी माणसे मात्र त्या विषयापुरती गप्प होतात. अभ्यास चालू झाला की आजी स्वयंपाकघरात जाते, वडील अंगणात जातात. हे मला बरे वाटत नाही. म्हणून आजचा हा पाठ मुलांसाठी आहे, तसाच घरातल्या मोठ्यांसाठीही आहे.

१. ‘गो’ चे ‘वेन्ट’ का?

मी आजींनाच उलट विचारले, “आजी, ‘तो बसतो’ चं काल काय झालं?” त्या म्हणाल्या, “तो बसला.” “तो उठतो?” “उठला.” “मग ‘तो जातो’ चं?” “गेला.” मी म्हटलं, “जाला का नाही?” आजी थांबल्या आणि खळखळून हसल्या.

आपल्या मराठीतही हेच आहे. जातो–गेला, येतो–आला, करतो–केला, देतो–दिला. लहान मूल आधी ‘मी करलं’ म्हणते. आपण हसतो, ‘केलं म्हण’ असे सांगतो आणि काही दिवसांत ते बरोबर बोलू लागते. त्याला कोणी तक्ता पाठ करायला लावत नाही.

इंग्रजीचे तसेच आहे. ‘वेन्ट’ हे रूप मुळात ‘वेन्ड’ नावाच्या दुसऱ्याच एका जुन्या क्रियापदाचे. ते ‘गो’ च्या घरात आले आणि तिथेच राहिले. ‘हेल्प’ चे भूतकाळी रूपही पूर्वी ‘होल्प’ असे होते. ते मागे पडले आणि ‘हेल्प्ड’ हे साधे रूप रूढ झाले. पण जी क्रियापदे माणसाच्या तोंडात रोज शंभर वेळा येतात, त्यांची जुनी वाकडी रूपे तशीच टिकतात, कारण ती विसरायला कोणाला सवडच मिळत नाही. म्हणूनच इंग्रजीतील सर्वांत जास्त वापरातली क्रियापदे नियमाबाहेरची आहेत. ती अशी :

बी – वॉज, वेअर – बीन (असणे)
हॅव – हॅड – हॅड (जवळ असणे)
डू – डिड – डन (करणे)
गो – वेन्ट – गॉन (जाणे)
कम – केम – कम (येणे)
से – सेड – सेड (म्हणणे)
सी – सॉ – सीन (पाहणे)
नो – न्यू – नोन (माहीत असणे)
मेक – मेड – मेड (बनवणे)
गेट – गॉट – गॉट (मिळणे)

ही दहा रोज वापरा. वापराने टिकलेली रूपे वापरानेच येतात.

२. इंग्रजी कुठे सोपे आहे

आपण म्हणतो, भात खाल्ला, भाकरी खाल्ली, वरण खाल्ले. इंग्रजीत तिन्हींना एकच ‘एट’. तो गेला, ती गेली, ते गेले, त्या गेल्या. इंग्रजीत सगळ्यांना ‘वेन्ट’. जो माणूस मराठीतले हे सगळे न चुकता सांभाळतो, त्याने ‘माझं डोकं चालत नाही’ असे म्हणू नये.

चालू काळात एकच खूण लक्षात ठेवा. आय गो, यू गो, वी गो, दे गो. पण ही गोज, शी गोज. एकटा ‘तो’, ‘ती’ किंवा ‘ते’ असेल तर शेवटी ‘स’ किंवा ‘झ’ चा आवाज येतो. आय पिक कॉटन, मी कापूस वेचते. शी पिक्स कॉटन, ती कापूस वेचते.

३. ‘बी’ आणि ‘हॅव’

‘आहे’ साठी इंग्रजीत तीन रूपे : आय ॲम, ही इज, दे आर. मराठीत ‘आहे’ वाक्याच्या शेवटी बसते, इंग्रजीत ते कर्त्याला लागून बसते. माझी आई घरी आहे : माय मदर इज ॲट होम.

खरा घोटाळा ‘हॅव’ मध्ये होतो, कारण मराठीत त्याला नेमका शब्दच नाही. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे सायकल आहे, बाळाला ताप आहे. आपले सगळे ‘आहे’ वर भागते. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी ‘हॅव’ येते : आय हॅव टू ब्रदर्स. आय हॅव अ सायकल. द बेबी हॅज फीवर. मी सेमिनरीत नवीन असताना एकदा सर्वांसमोर ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ असे म्हणालो आणि सगळा वर्ग हसला. पुढे आठवडाभर मी तोंड उघडले नाही. चुकलेल्या वाक्यापेक्षा गप्प बसलेल्या त्या आठवड्याने माझे जास्त नुकसान झाले. नाते, मालकी आणि माहिती यांना ‘–इंग’ लावायचे नाही, एवढेच मला शिकायचे होते. ‘आय ॲम नोइंग’ नाही, तर ‘आय नो’.

गॅब्रिएल मार्सेल नावाचे एक फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ होते. सन १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘असणे आणि जवळ असणे’ अशा अर्थाचे आहे. माझ्याजवळ काय आहे, यावरून मी कोण आहे हे ठरत नाही, हा त्यातला मोठा विचार. इंग्रजी ही जवळ बाळगण्याची वस्तू आहे. ती असावी, उपयोगी पडते. पण ती नसल्याने कोणी कमी माणूस ठरत नाही. निर्गम ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात देव मोशेला आपले नाव सांगतो, तेव्हा तेही ‘असणे’ याच क्रियापदातून सांगतो.

४. ‘डू’ चे ओझे

मराठीत प्रश्न विचारताना शेवटी ‘का’ लावतो. इंग्रजीत सुरुवातीला ‘डू’ लागतो. तुम्ही कापूस विकता का? डू यू सेल कॉटन? ती विकते का? डज शी सेल कॉटन? तिने विकला का? डिड शी सेल कॉटन?

शेवटच्या वाक्यात ‘सोल्ड’ आले नाही हे पाहा. भूतकाळाचे ओझे ‘डिड’ ने उचलले, आता ‘सेल’ मोकळे. ‘डिड यू वेन्ट’ म्हटले की एकच पोते दोघांच्या डोक्यावर दिल्यासारखे होते. बरोबर वाक्य : डिड यू गो टू परभणी?

५. मिस्सेतली चार क्रियापदे

आता तुम्हाला आधीपासून येणारा पाठ. प्रभूने भाकर घेतली, आशीर्वाद दिला, मोडली आणि शिष्यांना दिली. दर रविवारी वेदीवर आपण हेच ऐकतो. लूकच्या चोविसाव्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवरच्या दोन शिष्यांनी प्रभूला ओळखले, ते याच कृतीवरून. इंग्रजीत :

टेक – टुक – टेकन
ब्लेस – ब्लेस्ड – ब्लेस्ड
ब्रेक – ब्रोक – ब्रोकन
गिव्ह – गेव्ह – गिव्हन

चारांपैकी फक्त ‘ब्लेस’ नियमाने चालते. पुढच्या रविवारी त्या क्षणी मनात म्हणा : ही टुक, ही ब्लेस्ड, ही ब्रोक, ही गेव्ह. ही चार रूपे जन्मभर विसरणार नाहीत.

शेवटी एक आठवण. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू सन १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांची मातृभाषा इंग्रजी. इथली भाषा ते इथल्या माणसांकडून शिकले आणि सन १६१६ मध्ये त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले, सुमारे ११ हजार ओव्यांचे. जातो–गेला, भात खाल्ला–भाकरी खाल्ली हे सारे त्यांनाही कधीतरी पहिल्यांदा शिकावे लागले असेल, आणि ते चुकलेही असतील. तेव्हा गोव्यातल्या कोणा साध्या माणसाने त्यांना सांभाळून घेतले असेल. आपणही घरात एकमेकांना तसेच सांभाळून घेऊ या. चुकले तर हसा, पण शिकणाऱ्याबरोबर हसा.

या आठवड्याचा अभ्यास : इंग्रजी करा.
१) मला एक बहीण आहे.
२) तो रोज शाळेत जातो.
३) आम्ही काल मिस्सेला गेलो.
४) तू भाकरी खाल्लीस का?
५) गाडी मानवत रोडला आली.

मुलांनी आजी-आजोबांना शेजारी बसवून लिहावे. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर वह्या घेऊन या, मी तपासून देईन. त्या आजींनी तर आपल्यासाठी वेगळी वही घेतली आहे. पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने मराठी अक्षरांत लिहिले आहे : आय गो, आय वेन्ट.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वादित करो.

आपले,
फादर