बोटीचं इंजिन ‘स्लो’ला बंद का पडतं?

आपल्या गोंदिया जिल्ह्याला समुद्र नाही, मग बोटीच्या इंजिनाशी आपला काय संबंध, असा प्रश्न कोणीही विचारेल. पण नवेगावबांध, इटियाडोह आणि वैनगंगा-बाघ या नद्या आपल्याच जिल्ह्यातल्या. ऑगस्ट २०२० च्या शेवटी जोरदार पाऊस आणि मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सोडलेलं पाणी यामुळे वैनगंगेला मोठा पूर आला. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत गावं पाण्यात गेली आणि लोकांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. अशा बोटीच्या मागे लावलेलं इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर, बचाव पथकाच्या भाषेत ‘ओबीएम’.

ही मोटर पूर्ण थ्रॉटलला मस्त पळते. पण छपरावरच्या माणसांजवळ जाताना थ्रॉटल कमी केला की भक् करून बंद! आता बोट प्रवाहाच्या हातात. म्हणजे हा बिघाड नेमका नको त्या वेळी येतो. तो पद्धतशीर कसा शोधायचा ते या लेखात पाहू. दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, कार्ब्युरेटरची मोटर आपण उदाहरणासाठी घेऊ. हॉस्टेलच्या स्टँडवर बीएस-६ च्या आधीची, म्हणजे एप्रिल २०२० पूर्वीची बाइक असेल, तर त्यातलं बरंचसं तिलाही लागू पडतं.

आधी थोडी थिअरी

१) फिरत्या चाकातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ५००० आरपीएमला फ्लायव्हीलमध्ये जेवढी ऊर्जा असते, तिच्या साधारण ५१ वा भागच ७०० आरपीएमला उरतो (५००० ÷ ७०० = ७.१४, त्याचा वर्ग ५१). त्यामुळे जोरात पळताना एखादा स्फोट चुकला तर कळतही नाही. स्लोला दोन चुकले की खेळ खलास.

२) स्लोला थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. व्हेंचुरीतून हवा इतकी हळू जाते की मेन जेटमधून पेट्रोल ओढलंच जात नाही. सगळा भार पायलट जेटवर, म्हणजे मेकॅनिक ज्याला स्लो जेट म्हणतात त्यावर. त्याचं छिद्र मिलिमीटरच्या अर्ध्याच्या आसपास. रव्याचा एक कण तिथं पुरे.

३) हवा कुठून गळत असेल तर ती चूकही स्लोलाच जास्त दिसते, कारण एकूण हवाच कमी असते. त्यात चोरून शिरलेल्या हवेचा वाटा मोठा होतो आणि मिश्रण पातळ पडतं.

पान्याआधी तीन प्रश्न

‘काहून बंद पडलं बे?’ म्हणत लगेच कार्ब्युरेटर उघडायला बसू नका. आधी बोट चालवणाऱ्या दादांना विचारा.

• अचानक, बटण दाबल्यासारखी बंद पडते की धापा टाकत? अचानक असेल तर संशय आधी इग्निशनवर: किल-स्विचची दोरी, सैल वायर, कॉइल. धापा टाकत असेल तर इंधन किंवा हवा.

• न्यूट्रलला बंद पडते की गिअर टाकल्यावर? फक्त गिअरला पडत असेल तर आधी मोटर बंद करून पंखा पाहा. आपल्या तलावांत शिंगाड्याचे वेल आणि जाळ्याचे तुकडे शाफ्टला गुंडाळले जातात.

• सुरुवातीलाच पडते की दहा-पंधरा मिनिटांनी? उशिरा पडत असेल तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला असेल. टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल येणं थांबतं. इथं दुरुस्तीचा खर्च शून्य रुपये!

तपासणीचा क्रम

नियम एकच: स्वस्त आणि सोपं आधी, स्क्रू फिरवणं सगळ्यात शेवटी.

सुरक्षितता: मोटर कोरडी कधीच चालवू नका, पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर थोड्याच वेळात जळतो. मोकळ्या जागेत मोठ्या ड्रममध्ये पाणी भरा, पंख्यावरची आडवी पट्टी बुडेल इतकं. पंखा काढून ठेवा. खोलीत चाचणी नको: धूर जीवघेणा असतो, आणि तोच धूर इंजिनात परत गेला तर चांगली मोटरही स्लोला नीट चालत नाही. मागून पाण्याची बारीक धार सुरू झाली का ते पाहा.

पायरी १ – पेट्रोल. टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉल पाणी शोषतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून वेगळा थर तळाशी बसतो. टू-स्ट्रोकचं तेल त्या थरात मिसळत नाही. म्हणजे बंद पडणं राहिलं बाजूला, पिस्टन जाम व्हायची भीती! असं पेट्रोल मोटरीत घालू नका. नवीन भरताना तेलाचं प्रमाण मॅन्युअलप्रमाणे. १:५० असेल तर लिटरला २० मिली, २४ लिटरला ४८० मिली.

पायरी २ – रबरी फुगा. टाकी आणि मोटरीच्या मधल्या पाइपवर हाताने दाबायचा फुगा असतो. मोटर धापा टाकू लागली की तो दाबा. मोटर सावरली, तर पेट्रोल पुरेसं येत नाही: पाइपला चीर, सैल कपलिंग, तुंबलेली गाळणी किंवा इंधनपंपाचा फाटका पडदा. जुना रबर इथेनॉलने खराब होतो, म्हणून पाइप वाकवून चिरा पाहा.

पायरी ३ – प्लग. दोन्ही काढा आणि कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात ठेवून शेजारी ठेवा. दोन्ही तांबूस-तपकिरी असतील तर ठीक. एक ओला-काळा असेल तर तो सिलिंडर स्लोला पेटतच नाही. ठिणगी स्पार्क टेस्टरनेच पाहा. वायर हवेत मोकळी ठेवून इंजिन फिरवलं तर सीडीआय युनिट जाऊ शकतं. ठिणगी चांगली असेल तर कॉम्प्रेशन मोजा. दोन सिलिंडरांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर दुखणं आतलं आहे, कार्ब्युरेटर साफ करून फायदा नाही.

पायरी ४ – चोक. गरम मोटरीचा चोक किंचित ओढा. सुधारली तर मिश्रण पातळ, बिघडली तर जाड. पातळ असेल तर गॅस्केटच्या जोडांवर साबणाचं पाणी थोडं-थोडं लावा. एखाद्या जागी आवाज बदलला तर हवा तिथूनच शिरते आहे.

पायरी ५ – स्लो जेट. आता कार्ब्युरेटर उघडा. जेट उजेडासमोर धरा, गोल छिद्र स्वच्छ दिसलं पाहिजे. क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा वापरा. तार घालू नका. का? समजा छिद्र ०.४५ मिमीचं आहे आणि तारेने ते ०.५० झालं. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, म्हणजे पेट्रोलची वाट जवळपास २३ टक्क्यांनी मोठी झाली. मग ती मोटर कायम काळा धूर सोडणार.

पायरी ६ – एअर स्क्रू. हलक्या हाताने टेकेपर्यंत आत, मग मॅन्युअलमध्ये दिलेले आटे बाहेर. शेवटी गरम मोटरीवर, बोट काठाला घट्ट बांधून, गिअरमध्ये स्लो तपासा. माणूस पाण्यात किंवा पंख्याजवळ नको.

जुगाड का नको?

बऱ्याच ठिकाणी यातलं काहीच न करता स्लोचा स्क्रू पिळून आरपीएम १२००-१३०० वर नेतात. मोटर बंद पडत नाही, सगळे खूश. पण आता गिअर टाकताना डॉग क्लच आपटतो, त्याचे दात झिजतात. त्याहून वाईट म्हणजे गिअरमध्ये बोट सावकाश राहतच नाही. पाण्यातल्या माणसाजवळ बोट कासवगतीने न्यायची, त्याला वर घेताना पंखा थांबवायचा आणि लगेच पुन्हा प्रवाहाला तोंड द्यायचं, हे सगळं स्थिर स्लोवर अवलंबून आहे. जुगाडाने लक्षण लपतं, धोका वाढतो.

नव्या फोर-स्ट्रोक, इंजेक्शनच्या मोटरींत जेट नसतात. तिथं थ्रॉटल बॉडीतला कार्बन, स्लोची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह आणि इंधनाच्या गाळण्या पाहाव्या लागतात. प्रश्न मात्र तेच तीन.

जाता जाता

पुराची बोट वर्षातले आठ-नऊ महिने शेडमध्ये उभी असते. फ्लोट चेंबरमध्ये राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो; तो सगळ्यात आधी स्लो जेटमध्ये बसतो. म्हणून हंगाम संपला की ड्रममध्ये मोटर चालू ठेवून पेट्रोलचा पाइप काढा, ती आपोआप बंद होऊ द्या आणि चेंबरचा ड्रेन स्क्रू उघडून उरलेले थेंब काढा. मे महिन्यात ताजं पेट्रोल घालून पंधरा मिनिटं नुसती स्लोवर चालवा, रेस न देता. तिथं टिकली तर पुरात टिकण्याची आशा. मेकॅनिकलच्या मुलांनी प्रोजेक्टसाठी दूर कशाला जायचं? सरांच्या परवानगीने वर्कशॉपमध्ये एक ड्रम, एक जुनी मोटर आणि वरच्या सहा पायऱ्यांचा तक्ता, एवढ्यावर पावसाळ्यापूर्वीची तपासणी शिकता येते. सेमिस्टरच्या मार्कांपलीकडे या प्रॅक्टिकलचा उपयोग कोणाला होईल, हे वैनगंगेकाठच्या गावांना वेगळं सांगायला नको.