पाचवा महिना आहे, लस घेऊ का?

प्रश्न : मला पाचवा महिना सुरू आहे. सासूबाई म्हणतात, कोरोनाची लस बाळंतपणानंतरच घे. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, थांबू नका. केंद्र सरकारने २ जुलै २०२१ रोजी गर्भवतींच्या लसीकरणाला मंजुरी दिली आहे आणि लस कोणत्याही महिन्यात घेता येते. कोव्हिशील्ड असो वा कोव्हॅक्सिन, दोन्हींत शरीरात वाढणारा विषाणू नाही. लशीमुळे तुम्हाला किंवा बाळाला कोरोना होत नाही. भीती बाळगायची ती आजाराची. गरोदरपणात तो गंभीर होण्याचा आणि दिवस भरण्याआधीच प्रसूती होण्याचा धोका वाढतो. लशीनंतर ताप आलाच, तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या. पूर्वी लशीची तीव्र ॲलर्जी आली असेल किंवा नुकताच कोरोना होऊन गेला असेल, तर मात्र आधी सांगा. तपासणीला जाताना सासूबाईंनाही सोबत न्या; त्यांची काळजी खरी आहे, तिचं उत्तर त्यांना डॉक्टरांकडूनच मिळू द्या.